कंपनीने जग बुडवलं, पण फौज तर गिऱ्हाइकाच्या कपाटात होती



दुकानाचं रूप बदलण्यावरच्या या वेळच्या व्हिडिओत मी एका इंग्लिश खेळ-कंपनीचं उदाहरण घाईघाईत सांगितलं. बारा मिनिटांत ते बसणारं नव्हतंच, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. विषय मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या बॅचला येणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्या पिढीचे आहेत. वडिलांचं दुकान हातात आलंय. बोर्ड बदलायचाय, नाव बदलायचंय, अर्धा जुना माल काढून टाकायचाय. वडील म्हणतात, "हात लावू नकोस." पोरगा म्हणतो, "असंच चाललं तर पाच वर्षांत कुलूप लागेल." आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. हेच भांडण त्या कंपनीने सगळ्या जगासमोर केलं, त्यात हात पोळून घेतले आणि नंतर सावरली. त्यातून आपल्याला काय घेता येईल ते बघू.

आधी खेळ समजून घ्या

दिवाळीत आपण किल्ला करायचो तो आठवा. माती, दगड, वर पेरलेले अळीव, आणि बाजारातून आणलेले मावळे. सिंहासनावर महाराज, पायथ्याशी महाराजांपेक्षा उंच गवळण आणि तिच्याहून लहान हत्ती. माप कुणी बघायचं नाही.

आता कल्पना करा की हे मावळे तयार मिळत नाहीत. सुटे हात, सुटं डोकं, सुटी ढाल असे प्लॅस्टिकचे भाग मिळतात. ते तुम्ही कापायचे, चिकटवायचे आणि बारीक ब्रशने स्वतः रंगवायचे. एकेक शिपाई जेमतेम इंच-सव्वा इंच उंच. असे शंभर-दीडशे झाले की तुमची फौज उभी राहते. समोर मित्राची फौज, मध्ये जेवणाच्या टेबलाएवढं मैदान. मोजपट्टीने अंतर मोजून चाल करायची, फासे टाकून हारजीत ठरवायची. याला टेबलटॉप वॉरगेम म्हणतात.

यात पैसा भरपूर जातो, पण धंदेवाल्याच्या नजरेने बघायची गोष्ट पैसा नाही, वेळ आहे. नोकरी करणारा माणूस रविवारचे दोन-तीन तास देतो, तेव्हा कुठे वर्षभरात एक फौज होते. रंगवता रंगवता तो आपल्या सेनापतीला नाव देतो, त्याच्या झेंड्याचा रंग ठरवतो, मागच्या लढाईत कोण कुणाकडून मेला हे लक्षात ठेवतो. कंपनीने विकलं प्लॅस्टिक. बाकीचं सगळं गिऱ्हाइकाने घातलं.

या धंद्यातली सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे गेम्स वर्कशॉप. १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली, सुरुवातीला लाकडी पट बनवून विकायचे. आता मुख्यालय नॉटिंगहॅमला. १९८३ साली त्यांनी 'वॉरहॅमर' हा खेळ काढला. त्याचं एक कल्पित जग होतं: जुन्या युरोपासारखा नकाशा, जर्मन वळणाचं साम्राज्य, ब्रेटोनिया नावाच्या राज्यात फ्रेंच वळणाचे घोडेस्वार, वाळवंटात थडग्यातून उठलेले राजे, जमिनीखाली माणसाएवढे उंदीर. १९८७ साली त्याचा धाकटा भाऊ आला, 'वॉरहॅमर ४०,०००', तो अंतराळातल्या लढायांचा. पुढे घर या धाकट्यानेच चालवलं. आपली गोष्ट मात्र थोरल्याची आहे.

घर का पाडलं

तीस वर्षांत थोरल्याची अवस्था आपल्या कितीतरी जुन्या दुकानांसारखी झाली. जुनं गिऱ्हाईक एकनिष्ठ, पण त्याच्याकडे सगळं होतं. त्याला आणखी काय विकणार? नवा पोरगा दुकानात आला तर त्याला शिपायांच्या रांगाच्या रांगा लागायच्या, वर जाडजूड नियमपुस्तक. पहिली लढाई खेळायला सहा महिने. तो धाकट्याकडे वळायचा किंवा सरळ निघून जायचा.

दुसरी अडचण नावांची. ड्वार्फ, ऑर्क ही नावं लोककथांतली आणि जुन्या कादंबऱ्यांतली. ती कुणा एकाच्या मालकीची नाहीत. म्हणजे दुसरी कुठलीही कंपनी 'ऑर्क' बनवून विकू शकते आणि तो तुमच्या खेळात चालतो. सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात २०१३ साली गेम्स वर्कशॉपला काही मुद्द्यांवर यश मिळालं, काहींवर नाही. पुढे नव्या खेळात ड्वार्फचे 'डुआर्डिन' झाले आणि ऑर्कचे 'ऑरुक'. आपण आपल्या मसाल्याला नुसतं 'काळा मसाला' म्हणण्याऐवजी स्वतःचं नाव देतो, तसंच हे. माझ्या मते यात चूक काही नाही. धंदा म्हटला की हे करावंच लागतं.

म्हणजे बदल करायला कारण होतं. वडिलांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण कंपनीचा त्या वेळचा स्वभाव बघा. त्या काळातल्या एका वार्षिक अहवालात त्यांनी अभिमानाने लिहिलं होतं की आम्ही सर्व्हे करत नाही, बाजाराला काय हवंय ते विचारत बसत नाही. आम्ही उत्तम माल बनवतो, बस्स. हा स्वभाव आपल्या पेठेतही सापडतो. गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभं असतं आणि मालक म्हणतो, "त्यांना काय कळतंय?"

ऑगस्ट २०१४ ते मार्च २०१५ या काळात कंपनीने 'एंड टाइम्स' नावाची पाच मोठी पुस्तकं काढली. खेळाडूंनी ती आनंदाने घेतली. वर्षानुवर्षं थांबलेली कथा एकदाची पुढे सरकत होती, मोठमोठे सरदार मरत होते, कोण जिंकणार याची उत्सुकता होती. शेवटच्या पुस्तकात कळलं की कुणीच जिंकत नाही. ते अख्खं जग फुटतं आणि संपतं.

जुलै २०१५ मध्ये त्याच्या जागी आलं 'एज ऑफ सिग्मार'. नवं जग, आठ वेगवेगळ्या लोकांत विभागलेलं. नवे नायक, सोनेरी चिलखतातले 'स्टॉर्मकास्ट इटर्नल्स'. नियम अवघे चार पानांचे आणि तेही फुकट. नव्या माणसासाठी हे सोपं होतं, यात शंका नाही.

चटका कुठे बसला

खेळाडू चिडले. एकाने आपली फौज पेटवून दिली आणि त्याचा व्हिडिओ टाकला. बातमी त्या व्हिडिओची झाली. वरवर बघणारे म्हणाले, "खेळण्यांसाठी एवढं काय रडायचं?" पण नीट बघितलं तर राग नव्या गोष्टीचा नव्हता. तीन साध्या गोष्टी होत्या.

पहिली म्हणजे पॉइंट काढून टाकले. पॉइंट म्हणजे कुस्तीतला वजनगट समजा. तुमची फौज दोन हजार पॉइंटची, माझीही दोन हजारांची, म्हणजे जोड बरोबरीची. आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको की जोड बरोबरीची नसेल तर कुस्ती बघायलाही कुणी थांबत नाही. नवे नियम म्हणत होते, ज्याला जेवढे शिपाई मांडायचेत तेवढे मांडा आणि आपसांत ठरवा. घरात भावाभावांत हे चालेल. क्लबमध्ये, अनोळखी माणसाबरोबर, स्पर्धेत कसं चालणार?

दुसरी गोष्ट तळाची. जुन्या खेळात शिपाई चौकोनी तळावर उभे असायचे, कारण ते रांगेत खेटून चालायचे. नव्या खेळात गोल तळ आले. जुना तळ चालणार होता, कंपनीने मनाई केली नव्हती. पण नवा मिक्सर घेतल्यावर जुनी भांडी कशी फळीवर जाऊन बसतात? फेकलेली नसतात, उपयोगाचीही नसतात. तसं झालं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. कंपनीने जुन्या फौजांसाठी नियम दिले होते, पहिल्याच दिवशी आणि फुकट. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण त्यांतल्या काही जुन्या नायकांच्या नियमांत थट्टा घातली होती. समोरच्यापेक्षा तुमची मिशी मोठी आणि भारदस्त असेल तर फासा पुन्हा टाका, असल्या धर्तीची. लिहिणाऱ्याला ते प्रेमाने केलेलं वाटलं असेल. पण वाचणाऱ्याने वीस वर्षं जपलेला सेनापती होता तो. नव्या दुकानाच्या उद्घाटनाला जुन्या गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि स्टेजवर त्याच्या जुन्या स्कूटरची चेष्टा करायची, असं झालं ते. हॉल हसतो, तो माणूसही हसतो. पुन्हा दुकानात येत नाही.

आता त्या पेटवणाऱ्याबद्दल माझं मत. मला त्याची एवढी काळजी वाटत नाही. जो भांडतो, तो अजून तुमच्याशी बोलतोय. खरं नुकसान त्यांनी केलं ज्यांनी काहीच केलं नाही. फौज खोक्यात भरली, खोकं माळ्यावर टाकलं आणि रविवारी दुसरं काहीतरी करायला लागले. त्यांचा व्हिडिओ नसतो. ते गल्ल्यात दिसतात, आणि तेही वर्षभराने.

काही जण मात्र शेजारच्या दुकानात गेले. मँटिक गेम्स नावाची एक छोटी कंपनी आहे, जुन्या गेम्स वर्कशॉपमधल्याच एका माणसाने काढलेली. त्यांचा 'किंग्ज ऑफ वॉर' हा खेळ रांगेतल्या फौजांचाच आहे, आणि त्याची नवी आवृत्ती २०१५ सालीच आली. त्यांनी काय सांगितलं? तुमच्याकडे आहे तीच फौज घेऊन या, कुठल्या कंपनीची आहे ते विचारणार नाही. एवढंच. गिऱ्हाइकाला काही नवं घ्यायला लावलं नाही, त्याच्या कपाटातल्या वस्तूला फक्त जागा दिली. आणखी काही खेळाडूंनी मिळून 'द नाइन्थ एज' नावाने स्वतःच जुन्या धर्तीचे नियम लिहिले आणि फुकट वाटले. म्हणजे जग बंद करण्याचा निर्णय कंपनीचा होता, पण खेळ बंद करणं तिच्या हातात नव्हतं. फौजा लोकांच्या घरी होत्या.

सावरले कसे

जानेवारी २०१५ पासून कंपनीला नवे मुख्य अधिकारी आले होते, केव्हिन राउंट्री. नवा खेळ बाजारात आल्यावर वर्षभरात, जुलै २०१६ मध्ये, 'जनरल्स हँडबुक' नावाचं छोटं पुस्तक निघालं. त्यात पॉइंट परत आले. तयार करताना स्पर्धा भरवणाऱ्या खेळाडूंना सोबत घेतलं, कारण पॉइंट नसल्यामुळे त्यांनी मधल्या काळात स्वतःच हिशोब बसवून स्पर्धा चालवल्या होत्या. पुस्तकात खेळायच्या तीन पद्धती दिल्या: मोकळी, गोष्टीच्या अंगाने जाणारी आणि बरोबरीच्या जोडीची. ज्याला जशी हवी तशी. त्याच वर्षी गिऱ्हाइकांशी रोज बोलणारी वेबसाइटही सुरू केली.

मे २०१६ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची विक्री सुमारे ११८ दशलक्ष पाउंड होती, पुढच्या वर्षी सुमारे १५८ दशलक्ष. हे एका पुस्तकाने झालं असं मी म्हणणार नाही. त्याच काळात पाउंड घसरला होता, त्यामुळे परदेशातली विक्री हिशोबात फुगून दिसली, आणि मोठा वाटा धाकट्या खेळाचाच होता. आकडा दाखवून "बघा, आमच्या सूत्राने झालं" म्हणणारे ट्रेनर भरपूर आहेत, त्यांच्यापासून सावध राहा. पण कंपनीचा स्वभाव बदलला होता हे नक्की, आणि तो पुढच्याच वर्षी दिसला.

२०१७ साली धाकट्याला, म्हणजे अंतराळातल्या खेळाला, नवं करायची वेळ आली. तिथेही नियम मुळापासून बदलले, कथा पुढे नेली, जुन्यांपेक्षा उंच आणि देखणे नवे शिपाई आणले. पण जग फोडलं नाही. आणि नवे नियम आले त्याच दिवशी जुन्या प्रत्येक फौजेचे नियम पॉइंटसकट पाच पुस्तकांत मिळाले. कुरकुर झाली, नवे उंच शिपाई बघून "आता आमच्या बुटक्यांचं काय?" असं बरेच जण म्हणाले. पण माणसं त्याच आठवड्यात आपली जुनी फौज घेऊन खेळायला बसली. फरक एवढाच.

आपल्याकडचे दोन खेळ

हे सगळं वाचून "साहेबांचे चोचले" म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं आपल्याच मातीतली.

सावंतवाडीचा गंजिफा तुम्ही पाहिला असेल, निदान चित्रात. लाखेचे रंगीत गोल पत्ते. हा खेळ मुघलांबरोबर पसरला. १५२७ साली बाबराने सिंधकडे गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि अकबराने पत्त्यांत फेरबदल केल्याचं 'आईन-ए-अकबरी'त आहे. पुढे सगळ्यात जास्त चालला तो आठ रंगांचा गंजिफा, प्रत्येक रंगात बारा पत्ते, एकूण ९६. त्यातलं जग दरबाराचं: मुकुट, तलवार, गुलाम, नाणी. आपल्याकडे हाच खेळ दशावतारी झाला. मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतार, दहा रंग, १२० पत्ते. दरबाराचं जग गेलं, देवांचं आलं. याहून मोठा रीबूट कुठला?

पण आतलं यंत्र बघा. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा, हे तसंच. अर्ध्या रंगांत दहाचा पत्ता मोठा आणि अर्ध्यांत एक्का मोठा, ही खोचही तशीच. दरबारी गंजिफात दिवसा एका रंगाने सुरुवात व्हायची आणि रात्री दुसऱ्या. दशावतारीत दिवसा रामाने सुरुवात, रात्री कृष्णाने. दरबारी खेळ येणारा माणूस दशावतारी पत्ते घेऊन बसला तर त्याला चिन्हं शिकावी लागतील, खेळ शिकावा लागणार नाही. त्याच्या डोक्यात साठलेलं कसब वाया जात नाही. शिवाय आठ रंगांचा खेळ कुणी बंद केला नव्हता, दोन्ही पुढे कितीतरी काळ शेजारी शेजारी चालले. विसाव्या शतकात ही कला विझायला आली, तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिथल्या जुन्या चित्रकाराकडून ती पुन्हा उभी केली. तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

दुसरं उदाहरण बुद्धिबळाचं, म्हणजे पटावरच्या युद्धखेळांचा आजोबाच. देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. प्यादं शेवटच्या घरात गेलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं मिळायचं. आज आपण सगळे आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो. १८१४ सालीच मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक निघालं, ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेलं होतं. तिथून देशी नियम मागे पडायला शंभरावर वर्षं लागली. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीने शिकलेला, इंग्लंडला जाऊन तिथल्या नियमांनी खेळला आणि १९२९ साली ब्रिटिश विजेता झाला. लक्ष द्या, त्याला नवा पट घ्यावा लागला नाही. मोहरी तीच, घरं चौसष्टच. नियम बदलले, पण कुणाच्याही घरातला डबा बाद झाला नाही.

सोलापूरकरांना तर हे सांगायचीही गरज नाही. संक्रांतीला गड्ड्यावर दर वर्षी नवे पाळणे येतात, नवे स्टॉल येतात, मागच्या वर्षीची 'भुताची गुहा' या वर्षी 'अमेरिकन हॉरर हाउस' होते. कुणी तक्रार करत नाही, उलट नवं काय आलंय हेच बघायला जातो आपण. पण नंदीध्वजांच्या काठ्या त्याच मार्गाने निघतात. कुठल्या गोष्टीला हात लावायचा आणि कुठल्या नाही, हे तिथे सगळ्यांना न सांगता माहीत असतं. दुकानात ते लिहून काढावं लागतं.

आता आपल्या दुकानाकडे या

तुमच्या गिऱ्हाइकाने तुमच्याकडून घेतलेलं काय काय त्याच्या घरी आहे? बहुतेक जण या प्रश्नाला "माल" असं उत्तर देतात. माल तर आहेच. पण त्याच्याकडे तुमच्या दुकानाची आणखी बरीच मालमत्ता असते. मेसची उरलेली कुपनं. शिलाईवाल्याच्या वहीतलं स्वतःचं माप. भांड्यांच्या दुकानातून घेतलेला कुकर, ज्याची रिंग फक्त तुमच्याकडे मिळते. साडीच्या दुकानात "मागच्या वेळी तुम्ही हिरवी घेतली होती ना वहिनी" म्हणणारा तो जुना माणूस. "आमच्या आईपासूनचं दुकान आहे" हे वाक्य, जे तुमचं गिऱ्हाईक आपल्या सुनेला सांगतं. हे सगळं त्याचं आहे. बोर्ड तुमचा, हे त्याचं.

आमच्या बॅचमधल्या एकाने एका कॉलेजजवळची मेस चालवायला घेतली. आधीच्या मालकाने तिचं कॅफे करताना नवं नाव, नवं फर्निचर, नवा मेनू असं सगळं केलं होतं, आणि जुन्या मेसच्या कुपनांवर कागद चिकटवला होता: नव्या व्यवस्थापनात जुनी कुपनं चालणार नाहीत. कुणाकडे चार उरलेली, कुणाकडे दहा. रक्कम बघितली तर किरकोळ. पण पोरांनी हॉस्टेलच्या ग्रुपवर त्या कागदाचा फोटो टाकला आणि कॅफे सहा महिन्यांत बंद झालं. आमच्या माणसाने ती जागा घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल? दाराबाहेर पाटी लावली की जुन्या मेसची कुपनं असतील तर घेऊन या, एका कुपनाला एक थाळी. किती जण आले? अकरा. खर्च किती झाला असेल तो तुम्हीच काढा. मेनू त्यानेही बदलला होता. त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही.

मी जुनं सगळं जपा असं म्हणत नाहीये. जुना माल सोडवत नाही म्हणून नवा ठेवायला जागा नाही, अशी दुकानं आपल्याकडे कमी नाहीत. चाटी गल्लीतून नुसती चक्कर मारा, वरच्या फळ्या बघा. बदल करा, जोरात करा. फक्त पहिल्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकाच्या हातातल्या वस्तूचं काय होणार, याचं उत्तर काउंटरवरच्या पोरापासून सगळ्यांना पाठ पाहिजे. "जुन्या कुकरची रिंग मिळते का?" "मिळते, दोन वर्षं तरी नक्की ठेवणार आहोत." बास. "बघतो, साहेबांना विचारतो" हे उत्तर गेलं की माणूस गेला.

आणि हो, मुदत सांगायला लाजू नका. एखादी गोष्ट खरंच बंद करायची असेल तर तारीख सांगा. २०२४ साली त्याच गेम्स वर्कशॉपने जाहीर केलं की २०१८ मध्ये आणलेले काही सोनेरी शिपाई आता विक्रीतून जाणार. म्हणजे ज्यांच्यासाठी जुनं जग पाडलं, त्यांतलेच काही सहा वर्षांत जुने झाले! लोक चिडले, आणि बरोबरच चिडले. पण या वेळी आधी सांगितलं, अमुक काळापर्यंत त्यांचे नियम चालू राहतील हेही सांगितलं. राग आला, आग लागली नाही.

थोरल्या खेळाचं पुढे काय झालं ते राहिलंच. मे २०१६ मध्ये त्या बुडालेल्या जुन्या जगावर एक व्हिडिओ गेम आला, 'टोटल वॉर: वॉरहॅमर', आणि तो जोरात चालला. हजारो नवी पोरं त्या जगाच्या प्रेमात पडली, ज्याला दुकानाने वर्षभरापूर्वी कुलूप लावलं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने जाहीर केलं की जुनं जग परत आणतोय, आणि जानेवारी २०२४ मध्ये 'द ओल्ड वर्ल्ड' बाजारात आला. चौकोनी तळ परत, रांगा परत. सुरुवातीलाच आले ब्रेटोनियाचे घोडेस्वार आणि थडग्यातले राजे, म्हणजे ज्यांची विक्री पूर्वी बंद केली होती तेच दोघे. बरेच शिपाई जुन्याच साच्यांतून काढलेले. आणि नवा 'एज ऑफ सिग्मार'ही चालूच आहे, शेजारच्याच फळीवर. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत, एफटीएसई १०० मध्ये, जाऊन बसली. माळ्यावरची खोकी खाली आली ती वेगळीच. धूळ झटकून लोक खेळायला बसले.

या आठवड्याचा गृहपाठ. वही घ्या, मोबाइल नको. मधोमध रेघ मारा. डावीकडे दुकानात जे जे बदलायचंय ते लिहा: बोर्ड, नाव, माल, मांडणी, उधारीची पद्धत, काय असेल ते. उजवीकडे प्रत्येकासमोर लिहा, यामुळे गिऱ्हाइकाच्या घरातली कुठली वस्तू, कागद, सवय किंवा ओळख बाद होते. जिथे उजवी बाजू रिकामी, ते काम उद्या सुरू करा, कुणाला विचारत बसू नका. जिथे काहीतरी लिहिलं गेलंय, तिथे थांबा आणि तीन जुन्या गिऱ्हाइकांना चहा पाजून विचारा. फोनवर नाही, समोर बसून. आणि त्या तिघांत एक तरी असा घ्या जो हल्ली येत नाही.

वडील दुकानात बसत असतील तर उजवी बाजू त्यांच्याकडून भरून घ्या. त्यांना ती तोंडपाठ असते. पुढच्या शनिवारी व्हिडिओत आपण उधारीची वही मोबाइल ॲपवर नेताना काय होतं ते बघणार आहोत, तेव्हा ही वही सोबत ठेवा.